नेड्राला यलोस्टोन दाखवायला नेलं तेव्हा

आर्डिथ प्रुएटला मी पहिल्यांदा पाहिलं ते बसखाली. बर्ली गावच्या शाळेच्या बस-गॅरेजात मी फोन आणि वायरलेस सांभाळायला नुकतीच लागले होते. बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि एका पिवळ्या बसखालून दोन बूट बाहेर आलेले दिसत होते. बसखालूनच आवाज आला, "कोण आहे? ती साखळी इकडे सरकव जरा." मी सरकवली. चाकाला साखळी आवळून ती बाहेर आली, कपड्यांवरचा बर्फ झटकला आणि मला म्हणाली, "तू नवीन ना? वायरलेसवर फार बोलू नकोस, मला गाडी चालवायची असते."

उंच, हाडापेराने रुंद, आवाज घोगरा. नवरा फार पूर्वी कामासाठी म्हणून नेवाडात गेला तो तिकडचाच झाला. मूलबाळ नव्हतं. बटाट्याच्या शेतांमधल्या कच्च्या रस्त्यांवरून ती पोरं गोळा करून आणायची आणि संध्याकाळी सोडून यायची, त्यातच तिचं वय निघून गेलं. तिची एक सवय सगळ्यांना माहीत होती. गाडी गॅरेजात लावली की ती शेवटच्या बाकापर्यंत चालत जायची आणि वाकून बाकांखाली बघायची. कधीतरी एखादं पोर झोपून राहतं म्हणून. इतर ड्रायव्हर वळून एक नजर टाकायचे आणि उतरायचे. ती रोज चालत जायची.

तिच्या दोन मैत्रिणी, शाळेपासूनच्या. एक लारू टॉलमन, जिचं मेन स्ट्रीटवर केस कापायचं दुकान होतं आणि जिच्या तोंडाला कुणी लागत नसे. आमचं गाव चर्चचं आणि चर्चला कॉफी वर्ज्य; ती उघडपणे पिणाऱ्या बायका थोड्या. लारू दुकानाच्या खिडकीत बसून प्यायची. दुसरी नेड्रा विक्सम. नाजूक, हसरी, चर्चमध्ये पियानो वाजवणारी. गावातल्या अर्ध्या पोरांची बोटं तिनेच पियानोवर बसवली होती. तिचा नवरा रॉयस पाटकरी होता. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते तो बघायचा. दिवसरात्र पाटाच्या कडेनं फिरणारा, कमी बोलणारा माणूस.

शाळा संपली त्या उन्हाळ्यात या तिघी लारूच्या वडलांचा पिकअप घेऊन यलोस्टोनला निघाल्या होत्या. टीटनच्या घाटात क्लच जळला. लारूचे वडील दुसरी गाडी घेऊन आले, तोंडातून एक अक्षर न काढता तिघींना घेऊन परत आले, आणि ती सहल तिथेच संपली. पुढे लग्नं, पोरं, कामं. "एकदा नीट जायचं, सगळी नॅशनल पार्कं बघत खाली युटापर्यंत," हे त्या इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हणाल्या की ते नुसतं म्हणायचंच वाक्य होऊन गेलं.

मग नेड्राला विसरायला होऊ लागलं.

आम्हाला सगळ्यांना ते एका रविवारी चर्चमध्ये कळलं. ती स्तोत्र वाजवत होती. संपलं, आणि तिनं ते पुन्हा सुरुवातीपासून धरलं. लोकांना वाटलं, असेल काही. सगळे पुन्हा गायले. तिनं तिसऱ्यांदा धरलं. तेव्हाही लोक गायले, पण आवाज उतरत गेला, आणि शेवटी पियानो एकटाच वाजत राहिला. चर्चचे प्रमुख उठून तिच्याजवळ गेले आणि खांद्यावर हात ठेवला. तिनं वर पाहिलं आणि हसून विचारलं, "सुरू करू का?"

डॉक्टरांनी सांगितलं ते आता सगळ्यांनाच माहीत असतं. पुढे काय होणार, कसं होणार. किती दिवसांत, ते तेवढं सांगता येत नव्हतं.

आर्डिथनं त्या हिवाळ्यातच ठरवलं. तिच्याकडे एक जुनी व्हॅन होती, तिच्यात तिनं स्वतः फळ्या ठोकून झोपायची सोय केली. लारूनं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, परत येईपर्यंत ती सगळं विसरलेली असेल. नेऊन उपयोग काय?"

"बघताना तर बरं वाटेल तिला," आर्डिथ म्हणाली. "परत आल्यावरचं परत आल्यावर."

रॉयस नाही म्हणेल असं आर्डिथला वाटलं होतं. त्याला पटवायला म्हणून ती मुद्दाम चांगले कपडे घालून गेली. तो ओसरीवर बसला होता. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, न्या. गोळ्या कशा द्यायच्या ते त्यानं समजावून सांगितलं, नेड्राची उन्हाची टोपी काढून दिली. आर्डिथ खूश होऊन परत आली आणि मला म्हणाली की रॉयससारखा नवरा मिळायला नशीब लागतं.

जुलै संपत आला होता तेव्हा त्या निघाल्या. मी गॅरेजच्या दारातून हात हलवला. नेड्रा पुढच्या सीटवर टोपी घालून बसली होती आणि लारू मागच्या खिडकीतून ओरडून सांगत होती की क्लच जळला तर ह्या वेळी मी चालत येणार, कुणाच्या बापाला बोलावणार नाही.

पुढचं मला आर्डिथनं सांगितलं, काही लारूनं. दोघींच्या सांगण्यात फरक फार नव्हता.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. टीटनचे डोंगर दिसले तशी नेड्रा म्हणाली, "इथं आपली गाडी बंद पडली होती." तिला ते आठवलं याचाच दोघींना इतका आनंद झाला की लारूनं गाडी थांबवायला लावली आणि तिघींनी घाटात उभं राहून फोटो काढला. यलोस्टोनला बायसनचा कळप रस्त्यावर आला आणि सगळ्या गाड्या थांबल्या. एक मोठा नर नेड्राच्या खिडकीजवळ येऊन उभा राहिला, त्याच्या नाकातली वाफ काचेवर बसली. नेड्रा त्याच्याशी चर्चमधल्या पोरांशी बोलावं तशी बोलत होती. पाठ सरळ ठेव, म्हणत होती.

तिथल्या गरम पाण्याच्या कारंज्यापुढे, ते उसळायची वाट बघत त्या बाकावर बसल्या. पाणी उडालं, नेड्रानं टाळ्या वाजवल्या. लोक पांगले, त्या गाडीकडे निघाल्या, आणि पार्किंगमध्ये नेड्रानं विचारलं, "कारंजं कधी बघायचंय आपल्याला?" आर्डिथ म्हणाली, चला, आत्ताच. पुन्हा जाऊन बसल्या. तेव्हाही तिनं तशाच टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा लारू चिडली, पाय दुखतात म्हणाली, पण गेली. आणि तिसऱ्यांदा पाणी उडालं तेव्हा लारूला हसू फुटलं ते थांबेचना. "पैसे वसूल, बाई," ती म्हणाली, "हिच्याबरोबर आलं की एकाच्या जागी तीन बघायला मिळतात."

आर्डिथ म्हणायची, त्या दुपारी मला वाटलं की मी बरोबर केलं.

तंबूवाल्यांच्या जागेत दुसऱ्या दिवशी सकाळी नेड्रा दिसेना. त्या घाबरून शोधायला निघाल्या, तर शेजारच्याच एका कुटुंबाच्या टेबलावर ती बसली होती आणि त्यांची पॅनकेक खात होती. ती माणसं चांगली होती. त्यांची धाकटी मुलगी नेड्राच्या पानात सिरप ओतत होती. त्यांनी हसून घेतलं, यांनीही हसून घेतलं. पण गाडीत बसल्यावर लारू म्हणाली, "आर्डिथ, पुरे झालं. हिला घरी नेऊ. मला हे झेपायचं नाही, खरं सांगते."

आर्डिथनं वाटेतल्या एका गावातून रॉयसला फोन लावला. घडलं ते सांगितलं, परत येतो म्हणाली. रॉयस म्हणाला, "असं करते ती कधीकधी. विशेष काही नाही. फिरू दे तिला, आनंदात आहे ना?" आवाज मोकळा होता, कधी नव्हे इतका. आर्डिथनं फोन ठेवला आणि लारूला सांगितलं, रॉयस काही म्हणत नाही, आपण पुढे जाऊ. लारूनं तोंड फिरवलं आणि दक्षिणेला लागेपर्यंत ती बोलली नाही.

युटातल्या मोआबला पोचल्या तेव्हा ऊन असं होतं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. लाल खडक, लाल माती. आर्चेस पार्कमध्ये त्या पहाटे उठून गेल्या, खडकाच्या एका मोठ्या कमानीखाली सावली होती तिथं बसल्या. लारू फोटो काढायला वर गेली. नेड्रा बराच वेळ समोर बघत होती. मग ती एकदम आपल्या जुन्या आवाजात बोलली.

"आर्डी, मला कळतंय मला काय होतंय ते."

किती दिवसांत नेड्रा अशी बोलली नव्हती.

"रोज नाही कळत. आज कळतंय. लारू रागावलीय का माझ्यावर?"

"नाही गं. उन्हानं वैतागलीय."

"रॉयस बाहेरून कडी लावतो," नेड्रा म्हणाली. "दाराला. मी दार ठोठावते, पण तो येत नाही. त्याला म्हणू नकोस हं मी सांगितलं म्हणून."

आर्डिथनं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "असं काही नाही, राणी. रॉयस असं कसं करेल? तुला स्वप्न पडलं असेल."

नेड्रा तिच्याकडे बघत राहिली. "स्वप्न," ती म्हणाली. आणि मग विचारलं की आपण आईकडे कधी जाणार आहोत. तिच्या आईला जाऊन वीस वर्षं झाली होती.

हे आर्डिथनं मला एकदाच सांगितलं. सांगताना ती बसच्या पायरीवर बसली होती आणि हातातला फडका पिळत होती, फडका कोरडा होता तरी.

मोआबहून त्या ग्रीन रिव्हर नावाच्या गावाला आल्या. तिथली कलिंगडं आमच्याकडं प्रसिद्ध. रस्त्याकडेच्या मांडवातून एक घेतलं आणि पुढच्या पार्ककडे, ओसाड मुलखातून दक्षिणेला निघाल्या. तिथं मैलोन्‌मैल काही नाही. सेजची करडी झुडपं, कोरडे ओढे, मध्येच एखादं जुनिपरचं वाकडं झाड. दुपारी मागचं चाक पंक्चर झालं.

आर्डिथला त्याचं काही वाटलं नाही. तिनं आयुष्यात इतकी चाकं बदलली होती. व्हॅनच्या सावलीत घडीची खुर्ची उघडली, नेड्राला बसवलं, कलिंगडाची फोड हातात दिली. लारूचं डोकं दुखत होतं म्हणून ती आत फळीवर आडवी झाली होती आणि तिला डुलकी लागली होती. आर्डिथ जॅक लावून चाकाशी बसली. एक बोल्ट गंजला होता, सुटत नव्हता. ती पान्यावर उभी राहिली, पुन्हा बसली, तेल घातलं, पुन्हा जोर लावला. नेड्रा मागे काहीतरी गुणगुणत होती. गुणगुणणं कधी थांबलं ते तिला सांगता आलं नाही. बोल्ट निघाला तेव्हा तिनं "निघाला एकदाचा" असं म्हणत मागे पाहिलं. खुर्चीवर कलिंगडाची साल नीट ठेवलेली होती.

आधी ती गाडीच्या पलीकडे गेली. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. मग तिनं हाक मारली. लारू जागी होऊन बाहेर आली आणि दोघी हाका मारत झुडपांतून धावल्या. जमीन कडक होती, पाऊल उमटत नव्हतं. बराच वेळ कुणी आलं नाही. मग गुरांचा एक ट्रक आला, त्यानं पुढच्या गावात जाऊन निरोप दिला, आणि शेरीफची माणसं आली. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं, कुत्री आली, घोड्यांवरचे लोक आले. ग्रीन रिव्हरच्या बायका जेवणाचे डबे घेऊन येत होत्या. रॉयस रात्रभर गाडी चालवत आला होता. त्यानं आर्डिथच्या हातात पाण्याची बाटली दिली, आणि शोधणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

कुत्री घेऊन आलेली एक बाई आर्डिथशेजारी चालत होती. आर्डिथचा घसा बसला होता तरी ती हाका मारत होती. ती बाई म्हणाली, बाई, आवाज वाचवा. अशी माणसं हाकेला ओ देत नाहीत. कुणीतरी रागावलंय असं वाटून ती लपून बसतात. तिला धीर द्यायला म्हणूनच ती बोलली असेल.

ऊन तसंच होतं. पाचव्या दिवशी शोध थांबवला.

नेड्रा सापडली ऑक्टोबरमध्ये. हरणांच्या शिकारीला आलेल्या एका माणसाला. रस्त्यापासून लांब नव्हतीच ती; एका बुटक्या कड्याच्या पलीकडे, जुनिपरखाली. शोधणारे कड्याच्या अलीकडून गेले होते. तिनं बूट काढून शेजारी जोडीनं ठेवले होते, घरात शिरताना ठेवावेत तसे. गाडीजवळून मारलेली हाक तिथं ऐकू येत असणार, हे शेरीफनं सांगितलं नाही. पण आर्डिथ स्वतः तिथं गेली. लारूला तिनं गाडीजवळ उभं करून हाक मारायला लावली, आणि आपण जुनिपरखाली बसून ऐकलं.

"आली का ऐकू?" परत आल्यावर लारूनं विचारलं.

"आली," आर्डिथ म्हणाली.

गावानं आर्डिथला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. लोक जेवण घेऊन गेले. चर्चच्या बायका तिच्या ओसरीवर बसल्या. फक्त कुणी नेड्राचं नाव काढत नसे, आणि ती दुकानात शिरली की बोलणं थोडं हळू होई. लारूच्या दुकानात कुणीतरी विषय काढला तेव्हा लारू बोलून गेली की मी सांगितलं होतं तिला, घरी नेऊ म्हणून. ते संध्याकाळच्या आत आर्डिथपर्यंत पोचलं. लारूला कळलं तेव्हा ती आर्डिथकडे ॲपल पाय घेऊन गेली, ओव्हनमधून नुकताच काढलेला, गरम. दोघी टेबलाशी बसल्या. आर्डिथनं दोन बश्या काढल्या, कापला, दोघींनी खाल्ला, आर्डिथ छान झालाय म्हणाली, आणि लारू उठून गेली. वसंतात तिनं दुकान बंद केलं आणि मुलीकडे बॉयसीला राहायला गेली.

त्या उन्हाळ्यानंतर शाळा सुरू झाली तेव्हाच आर्डिथ बसवर परत आली होती. आम्हाला वाटलं कामानं बरं वाटेल. मग वायरलेसवर मला ऐकू येऊ लागलं. ती भर रस्त्यात गाडी थांबवायची. पोरं गाडीत, धोक्याचे दिवे लावलेले, आणि ती उठून शेवटच्या बाकापर्यंत चालत जायची, प्रत्येक पोराच्या तोंडाकडे बघत. पुढे आली की गाडी सुरू करायची, आणि दोन शेतं पुढे गेलं की पुन्हा थांबायची. सुरुवातीला पोरं हसली. मग लहान पोरं घरी जाऊन रडायला लागली. एके दिवशी तिनं मला वायरलेसवर बोलावलं. आवाज अगदी शांत होता. "डोरीन, कुणालातरी पाठव. मला गाडी पुढे नेता येत नाहीये."

मी दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊन गेले. ती रस्त्याच्या कडेला बस नीट लावून दारात उभी होती, दोन्ही हात दाराच्या दोन्ही बाजूंना टेकवून, कुणी उतरू नये म्हणून. पोरं आत गप्प बसली होती. मी तिचे हात सोडवले तेव्हा ते गार पडले होते.

त्यानंतर गॅरेजच्या साहेबांनी तिला बस धुण्याचं काम दिलं. तिनं काही तक्रार केली नाही. दिवसभर पाण्याचा पाइप आणि ब्रश.

एप्रिलमध्ये पाटाला पाणी सुटलं, त्या सुमारास रॉयस गॅरेजात आला. माझी खोली धुण्याच्या जागेला लागूनच आहे आणि मधलं दार कधी नीट लागत नाही. मी ऐकायला नको होतं, पण उठून गेलेही नाही.

तो म्हणाला, "आर्डिथ, एक सांगायचंय. बस जरा."

"उभी बरी आहे," ती म्हणाली. पाइप चालूच होता.

"नेड्रा त्या हिवाळ्यात दोनदा घरातून निघून गेली होती. एकदा पाटाच्या काठावर सापडली, अंगात नुसता गाऊन. मग मी दाराला बाहेरून कडी बसवली. कुणाला बोललो नाही. तुम्हालाही नाही."

पाण्याचा आवाज येत राहिला.

"सांगितलं असतं तर तुम्ही तिला नेलं नसतं."

"नसतं नेलं," आर्डिथ म्हणाली.

"मला झोप नव्हती गं. किती महिने. ती उठली की मी उठायचो. तुम्ही गेलात त्या दिवशी मी पडलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो. तू फोन केलास ना, तेव्हा मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. काही करत नव्हतो, नुसता बसलो होतो. इतकं बरं वाटत होतं. तू म्हणालीस परत येतो, आणि मला वाटलं, अजून चार दिवस. एवढंच, अजून चार दिवस."

तिनं नळ बंद केला. "तिनं मला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"की तू कडी लावतोस. मोआबला सांगितलं. मी म्हटलं, रॉयस असं कसं करेल, तुला स्वप्न पडलं असेल. मी तिला खोटं पाडलं. खरं मानलं असतं तर विचारलं असतं ना तुला, का लावतोस म्हणून."

रॉयस तिथं पडलेल्या एका जुन्या टायरवर बसला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं होईल. माझं. तुझंही थोडं."

"माझं नाही झालं," आर्डिथ म्हणाली. "तुझं?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग टोपी घातली आणि पाण्यातून वाट काढत निघून गेला. ती दुसऱ्या बसकडे वळली.

मी त्या संध्याकाळी तिला म्हटलं, की आता तरी स्वतःला बोल लावणं थांबव. त्यानं लपवलं, तुला माहीतच नव्हतं. मला वाटत होतं मी काहीतरी उपयोगाचं बोलतेय. ती म्हणाली, "डोरीन, ती माझ्या पाठीमागे बसली होती. पाना धरलेला हात लांबवला असता तर हाताला लागली असती. रॉयस तिथं नव्हता." मग म्हणाली, उद्या साबण आणायला सांग, संपत आलाय.

ती निवृत्त होईपर्यंत बसच धूत राहिली. घरी एकटीच असायची. मी रविवारी जायचे, थोडं बसायचे. ती टीव्ही लावायची आणि आवाज बंद ठेवायची. कधी विचारलं, जेवलीस का, तर म्हणायची जेवले, आणि सिंकमध्ये एकही भांडं नसायचं. लारूचं दर नाताळला कार्ड यायचं, ती ते वाचून खिडकीत उभं करायची, पण स्वतः कधी पाठवलं नाही. रॉयस रस्त्यात दिसला तर दोघं एकमेकांना हात करायचे. तेवढंच. एकदा तर मला वाटलं की या दोघांनी एका टेबलाशी बसून एकदा जेवावं, काही न बोलता का होईना. मी तसं सुचवलं. आर्डिथनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

गेल्या सप्टेंबरमध्ये रॉयस गेला. पाटाच्या कडेलाच, पिकअपमध्ये बसल्या बसल्या. अंत्यविधीला जायचं का असं मी आर्डिथला विचारलं, तर म्हणाली जाऊ. मी न्यायला गेले तेव्हा ती इस्त्री केलेले कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. आम्ही चर्चसमोर गाडी लावली. लोक आत जात होते. मी दार उघडलं. ती हलली नाही.

"तू जा," ती म्हणाली.

मी गेले नाही. दार लावून घेतलं आणि बसून राहिले. आतून गाण्याचा आवाज आला, मग थांबला. बटाट्याच्या काढणीचे दिवस, रस्त्यानं भरलेले ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकमागे धुळीचा लोट उठून आमच्या काचेवर बसत होता. तिनं डोळे मिटले होते, पण झोपली नव्हती.

लोक बाहेर यायला लागले तेव्हा त्यांच्यात लारू दिसली. काठी घेऊन चालत होती, केस पांढरे झाले होते, एक पांढरा केस कधी कुणाला दिसू न देणारी ती. ती सरळ आमच्या गाडीकडे आली. आर्डिथनं काच खाली केली.

"आत आली नाहीस," लारू म्हणाली.

"नाही."

"नेड्राच्या शेजारीच नेताहेत त्याला."

"हं."

लारू काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं ती आणखी काही बोलेल. तिच्या चेहऱ्यावर ते आलंही होतं. मागून तिच्या मुलीनं हाक मारली, बॉयसीला परत जायचं होतं, उशीर होत होता. लारूनं आर्डिथच्या बाहीवर बोटं ठेवली, लगेच काढून घेतली, आणि गेली.

आर्डिथनं काच वर केली. "चल," ती मला म्हणाली. मी विचारलं, दफनभूमीकडे जाऊ का. ती म्हणाली, नको, घरी. मी गाडी वळवली. सबंध रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती, शेतांकडे. तिच्या दारात उतरताना तिनं थँक्यू म्हटलं, आणि रविवारी नाही आलीस तरी चालेल, असं म्हणून आत गेली.